९९९ डॉलरचा फोन युरोपात ११९९ युरोंना का?

प्रश्न असा: आयफोन १५ प्रो २०२३ मध्ये अमेरिकेत ९९९ डॉलरला निघाला आणि जर्मनीत ११९९ युरोंना. युरो डॉलरपेक्षा महाग, वर आकडाही मोठा. लॅपटॉप, कॅमेरे, टीव्ही यांचंही तसंच दिसतं. मग कंपन्या युरोपातल्या गिऱ्हाइकाला सरळसरळ कापतात का?

थोडं कापतात. पण पाटीवरून वाटतं त्याच्या निम्मंही नाही, आणि एखाद्या वर्षी तर उलट अमेरिकेतलाच माणूस जास्त मोजत असतो. हे आकड्यांनिशी बघू.

आधी दोन्ही पाट्या एका मापात आणायला हव्यात. अमेरिकेतल्या दुकानात लावलेली किंमत कराविना असते. विक्रीकर बिल करताना गल्ल्यावर चढतो आणि तो राज्यागणिक, शहरागणिक बदलतो. न्यूयॉर्क शहरात ८.८७५ टक्के, न्यू जर्सीत ६.६२५, तर ओरेगन, डेलावेअर, मॉन्टाना आणि न्यू हॅम्पशरमध्ये शून्य. देशभर एकच पाटी लावायची तर ती कराविनाच लावावी लागते. युरोपीय संघात ग्राहकाला दाखवायची किंमत व्हॅटसकटच असली पाहिजे, असा १९९८चा निर्देश आहे. हा व्हॅट लक्झेंबर्गमध्ये १७ टक्के, जर्मनीत १९, फ्रान्समध्ये २०, इटलीत २२, आयर्लंड आणि पोलंडमध्ये २३, डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये २५, तर हंगेरीत २७.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे ११९९ मधून १९ टक्के वजा करणं. तसं केलं की ९७१ येतात आणि ते चुकीचं आहे. कर मूळ किमतीवर चढलेला असतो, म्हणून १.१९ ने भागायचं. ११९९ ÷ १.१९ = १००७.५६ युरो. म्हणजे पाटीतले १९१.४४ युरो सरकारचे, पाटीच्या जेमतेम १६ टक्के. आता सप्टेंबर २०२३चा दर लावा, एका युरोला साधारण १.०७ डॉलर. १००७.५६ युरोंचे झाले १०७८ डॉलर. समोर ९९९. खरा फरक ८ टक्क्यांचा. करासकट धरला असता तर ११९९ युरोंचे १२८३ डॉलर झाले असते आणि फरक २८ टक्के दिसला असता.

कर हाच मोठा वाटा आहे याचा ढळढळीत पुरावा २०२० मध्ये मिळाला. करोनाकाळात जर्मनीने १ जुलै ते ३१ डिसेंबर व्हॅट १९ वरून १६ टक्क्यांवर आणला होता. त्याच काळात आलेल्या आयफोन १२ प्रोची तिथली किंमत होती ११२० युरो. सवलत संपली आणि ती ११४९ झाली. ११२० ला १.१६ ने भागा किंवा ११४९ ला १.१९ ने, उत्तर एकच येतं: साडेनऊशेच्या वर १५-१६ युरो. कंपनीच्या डोक्यात कराविनाचा आकडा पक्का असतो, पाटीवरचा आकडा सरकार ठरवतं.

आता उरलेल्या ८ टक्क्यांकडे. हा आकडा स्थिर नाही, आणि तो का हलतो हे समजलं की अर्धं कोडं सुटतं. यातला मोठा भाग चलनाच्या गादीचा आहे. 'गादी' शब्द मुद्दाम वापरतो, कारण तिचं काम धक्का सोसण्याचं आहे. फोनचे सुटे भाग, जुळणी, वाहतूक, सगळ्यांचे व्यवहार बहुतांशी डॉलरमध्ये होतात. युरोपातली किंमत मात्र एकदा जाहीर केली की वर्षभर तीच ठेवायची असते. दर आठवड्याला पाटी बदलणारी कंपनी दुकानदारांना आणि ग्राहकांना दोघांनाही नको असते. मधल्या काळात युरो घसरला तर तोटा कंपनीच्या अंगावर. म्हणून सुरुवातीलाच थोडं वर धरून ठेवतात.

ही गादी कशी दबते ते आयफोनच्या सलग मॉडेलांवरून दिसतं, कारण २०२१ ते २०२४ या चारही वर्षी प्रोची अमेरिकेतली किंमत ९९९ डॉलरच होती. २०२१ मध्ये १३ प्रो जर्मनीत ११४९ युरोंना आला. कराविना ९६५.५५. तेव्हा युरो १.१८ डॉलरच्या घरात होता, म्हणजे ११३९ डॉलर आणि गादी १४ टक्क्यांची. वर्षभरात युरो घसरत घसरत डॉलरच्या बरोबरीला आला. तेच ९६५.५५ युरो आता ९६६ डॉलरसुद्धा नव्हते. गादी तर संपलीच, वर अमेरिकेपेक्षा कमी पैसे कंपनीच्या हातात पडू लागले. सप्टेंबर २०२२ मध्ये १४ प्रो १२९९ युरोंना आला तेव्हा जर्मनीत बोंबाबोंब झाली, पण कराविना तो १०९१.६० युरो, तेव्हाच्या दराने जवळपास तितकेच डॉलर, म्हणजे गादी ९ टक्क्यांची. पाटी १५० युरोंनी चढली, पण गादी आधीच्या वर्षीपेक्षा पातळ होती. पुढच्या वर्षी युरो सावरला आणि १५ प्रो पुन्हा १०० युरोंनी उतरला. २०२४ला १६ प्रो त्याच ११९९ ला, युरो १.१० च्या आसपास, गादी ११ टक्के. २०२५ मध्ये १७ प्रो अमेरिकेत १०९९ डॉलर आणि जर्मनीत १२९९ युरो. डॉलर पडल्यामुळे युरो १.१७ ला गेला होता आणि गादी फुगून १६ टक्क्यांवर गेली. तेव्हा 'युरोप महाग' ही तक्रार कधी करावी याचं उत्तर चलनाच्या आलेखात आहे. युरो चढा असताना तक्रार रास्त असते, पडलेला असताना बहुतेक वेळा नसते.

गेमिंग कन्सोल पाहिले की हे आणखी उघड होतं. प्लेस्टेशन ५ नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत ४९९.९९ डॉलर आणि युरोपात ४९९.९९ युरो. वरवर पाहता युरोपियनाला चुना. पण जर्मनीत तेव्हा व्हॅट १६ टक्के होता, म्हणून १.१६ ने भागून तेव्हाच्या १.१८ ने गुणा: ५०९ डॉलर. फरक जेमतेम दोन टक्क्यांचा. ऑगस्ट २०२२ मध्ये सोनीने युरोपातली किंमत ५४९.९९ केली, अमेरिकेतली तशीच ठेवली. त्यावर बराच गहजब झाला. आता पुन्हा भागा, यावेळी १.१९ ने: ४६२ युरो, तेव्हा तेवढेच डॉलर. म्हणजे वाढीनंतरही जर्मन ग्राहकाकडून कंपनीला अमेरिकन ग्राहकापेक्षा ३८ डॉलर कमी मिळत होते. जून २०२५ मध्ये आलेला निन्टेंडो स्विच २ अमेरिकेत ४४९.९९ डॉलर, युरोपात ४६९.९९ युरो, हिशेब केला की दोन्हीकडे ४५० डॉलर. कन्सोलवर मुळात फारसा नफा ठेवत नाहीत, पैसा खेळांत आणि वर्गणीत असतो, त्यामुळे गादी घालायला जागाच नसते. जिथे नफा जाड, तिथे गादीही जाड.

चलन सोडून जे उरतं त्यात कायद्याचा खर्च येतो. युरोपीय संघात नव्या वस्तूवर किमान दोन वर्षांची कायदेशीर हमी असते आणि तिची जबाबदारी विकणाऱ्यावर असते. १९९९च्या निर्देशापासून हे आहे. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नव्या नियमाने पहिल्या वर्षात बिघाड झाला तर तो मुळातलाच धरायचा, तसं नसल्याचं दुकानदाराने सिद्ध करायचं. आधी ही मुदत सहा महिन्यांची होती. स्पेन, पोर्तुगाल, स्वीडन यांनी हमीच तीन वर्षांची केली आहे. अमेरिकेत देशपातळीवर अशी मुदत नाही. १९७५चा मॅग्नुसन-मॉस कायदा लेखी वॉरंटी दिली तर ती कशी असावी हे सांगतो, किती द्यावी हे सांगत नाही. म्हणून तिथे उत्पादकाची एक वर्षाची वॉरंटी रूढ आहे आणि पुढचं वर्ष वेगळे पैसे मोजून घ्यायचं. युरोपात ते दुसरं वर्ष किमतीतच बसलेलं असतं, तुम्हाला हवं असो वा नसो. लॅपटॉपची तुलना करताना अमेरिकेतल्या किमतीत एका वर्षाच्या वाढीव वॉरंटीचे पैसे घाला, मग बोला.

ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांत कारण न देता परत करण्याचा हक्कही युरोपात कायद्याने आहे. पण याला फार वजन देऊ नये, कारण अमेरिकेतली मोठी दुकानं कायदा नसतानाही १५ ते ३० दिवस देतात. परत आलेल्या उघड्या खोक्याचा खर्च दोन्हीकडे सारखाच.

मग खासगी प्रतीचे अधिभार. यंत्रावर गाणी-चित्रपट साठवता येतात म्हणून कलावंतांच्या संस्थांना द्यायचा पैसा. जर्मनीत घरगुती वापराच्या मोबाइलमागे ६.२५ युरो, टॅब्लेटमागे ८.७५, संगणकामागे १३ च्या वर. फ्रान्समध्ये ६४ जीबीच्या वरच्या फोनमागे १४ युरो. अमेरिकेत १९९२च्या कायद्याने असा अधिभार फक्त डिजिटल ध्वनिमुद्रण यंत्रांवर आणि त्यांच्या कोऱ्या फिती-तबकड्यांवर आहे, फोन-संगणकांवर नाही. हजार युरोंच्या फोनवर सहा युरो म्हणजे किरकोळ. दीडशे युरोंच्या स्वस्त फोनवर मात्र तेच ४ टक्के होतात आणि फ्रान्समध्ये ९ च्या वर. स्वस्त अँड्रॉइड फोनचे युरोपातले भाव बोचतात त्याला हेही एक कारण आहे, आणि याची चर्चा जवळपास होत नाही. ई-कचऱ्याच्या विल्हेवाटीची जबाबदारीही युरोपात उत्पादकावर आहे, पण फोनपुरता तो आकडा फारच लहान असतो.

सीमाशुल्काबद्दल गैरसमज फार. फोन आणि लॅपटॉपवर युरोपीय संघ सीमाशुल्क लावतच नाही. १९९६चा माहिती-तंत्रज्ञान करार त्याच्या मुळाशी आहे. शुल्क बोचतं ते टीव्हीला: युरोपात १४ टक्के. म्हणून युरोपात विकले जाणारे बरेचसे टीव्ही पोलंड, हंगेरी आणि स्लोव्हाकियात जुळवले जातात, किंवा तुर्कस्तानातल्या मानिसा इथल्या वेस्टेलच्या कारखान्यातून येतात, कारण तुर्कस्तानशी सीमाशुल्क संघ आहे. अमेरिकेचे टीव्ही त्याच न्यायाने मेक्सिकोतल्या तिहुआनात तयार होतात. या शुल्काची धार किती, हे जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांवरून कळतं. ते सलग २९ मिनिटं ५९ सेकंदांपुढे चित्रीकरण करत नसत. तांत्रिक अडचण नव्हती. सलग ३० मिनिटं चित्रीकरण करणारं यंत्र युरोपच्या शुल्कपत्रकात व्हिडिओ कॅमेऱ्यात मोडत होतं आणि शुल्क भरावं लागत होतं. २०१५ मध्ये करार विस्तारल्यावर शुल्क टप्प्याटप्प्याने गेलं आणि नव्या मॉडेलांतून ती मर्यादाही निघाली. संगणकाच्या काही सपाट पडद्यांनाही युरोप टीव्ही समजून १४ टक्के लावत होता. अमेरिका, जपान आणि तैवान यांनी जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि २०१० मध्ये निकाल युरोपच्या विरोधात गेला.

टीव्हीच्या बाबतीत अमेरिकेची स्वस्ताई आणखी एका वाटेने येते. तिथे टीव्ही हा जाहिरातींचा फलक झाला आहे. व्हिझिओसारख्या कंपनीला यंत्र विकण्यापेक्षा पडद्यावरच्या जाहिरातींतून जास्त नफा मिळत होता. डिसेंबर २०२४ मध्ये वॉलमार्टने ती कंपनीच २.३ अब्ज डॉलरला घेतली. थँक्सगिव्हिंगच्या सुमारास दिसणारा टीव्हीचा भाव हा यंत्राचा भाव नसतोच.

उरलं बाजाराचं तुकडेपण. कागदावर युरोप एकच बाजार आहे, पण २४ अधिकृत भाषा आहेत आणि कळफलक जर्मन वेगळा, फ्रेंच वेगळा, नॉर्डिक वेगळा. अमेरिकेसाठी एका लॅपटॉपचा एक प्रकार साठवायचा, युरोपसाठी त्याच लॅपटॉपचे दहा-बारा. इटालियन कळफलकाचे दोनशे नग गोदामात पडून राहिले तर ते स्वीडनमध्ये खपवता येत नाहीत. प्लगही ब्रिटनचा, स्वित्झर्लंडचा वेगळा. हा खर्च उलट बाजूने थोडा भरून निघतो: युरोपात कार्डावरचं आंतरबँक शुल्क डेबिटला ०.२ आणि क्रेडिटला ०.३ टक्क्यांवर २०१५ पासून बांधलेलं आहे, अमेरिकेत क्रेडिट कार्डाला साधारण दोन टक्के जातात. 'युरोपात सगळंच महाग' म्हणणारे हे सांगत नाहीत.

एवढं सगळं धरूनही काही टक्के उरतात आणि ते निव्वळ 'इथलं गिऱ्हाईक देतंय म्हणून' असतात. साधा व्यापारी विचारेल: अमेरिकेत स्वस्त आहे तर तिथून कंटेनर भरून आणा आणि युरोपात विका. तेच करता येत नाही. १९९८ मध्ये युरोपीय न्यायालयाने सिल्हुएट या ऑस्ट्रियन चष्मा कंपनीच्या खटल्यात ठरवलं, की व्यापारचिन्हाच्या जोरावर पुढची विक्री रोखण्याचा मालकाचा हक्क, माल युरोपीय आर्थिक क्षेत्रात त्याच्या संमतीने विकला गेला तरच संपतो. त्या कंपनीने जुन्या फ्रेम तेव्हा संघाबाहेर असलेल्या बल्गेरियात विकल्या होत्या, त्या फिरून ऑस्ट्रियातल्या दुकानात आल्या आणि कंपनीने त्यांची विक्री अडवली. अस्सल माल, रीतसर घेतलेला, तरी मालकाच्या परवानगीशिवाय युरोपात विकता येत नाही. ही भिंत आहे म्हणून दोन्हीकडचे भाव एका पातळीवर येत नाहीत.

संघाच्या आत मात्र स्पर्धा खरी आहे, आणि तिकडे लक्ष दिलं तर पैसे वाचतात. दुकानदाराने किती किमतीला विकायचं हे कंपनीने ठरवणं युरोपात बेकायदा आहे. जुलै २०१८ मध्ये आसुस, डेनॉन अँड मरांट्झ, फिलिप्स आणि पायोनियर यांना याच कारणावरून एकूण १११ दशलक्ष युरोंचा दंड झाला. अमेरिकेत २००७च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर असे करार सरसकट बेकायदा राहिले नाहीत. परिणामी जर्मनीत इडिआलो किंवा गाइट्सहाल्स या भावांची तुलना करणाऱ्या संकेतस्थळांवर शोधलेला तीन-चार महिने जुन्या अँड्रॉइड फोनचा भाव छापील किमतीच्या बराच खाली असतो. तुलना नेहमी चालू भावाची करा, उद्घाटनाच्या दिवशीच्या पाटीची नको.

आता अमेरिकेहून आणायचा विचार असेल तर. विमानाने युरोपीय संघात येताना ४३० युरोंपर्यंतचा माल माफ असतो. एका वस्तूचे तुकडे पाडता येत नाहीत: ९०० युरोंचा लॅपटॉप असेल तर कर ४७० वर नाही, पूर्ण ९०० वर. नवरा-बायकोची मर्यादा एका वस्तूसाठी जोडताही येत नाही. सीमाशुल्क शून्य, पण आयातीचा व्हॅट पूर्ण. वरचाच १५ प्रो घ्या. न्यूयॉर्कला करासह १०८७.६६ डॉलर, त्यावर जर्मनीत १९ टक्के भरले की १२९४, म्हणजे जर्मन दुकानातल्या १२८३ पेक्षा जास्त. ओरेगनहून आणला तर ११८९, वाचले ९४ डॉलर. त्या बदल्यात दोन वर्षांची कायदेशीर हमी गेली, आणि आयफोन १४ पासून अमेरिकेतल्या मॉडेलात सिमकार्डाची खाचच नसते, फक्त ई-सिम चालतं. अमेरिकेत घेताना फोन अनलॉक्ड आहे का हे विचारायलाच हवं. मोबाइल कंपनीकडून घेतलेला स्वस्त फोन तिच्या जाळ्याला बांधलेला असू शकतो. चार्जरवर '१००-२४० व्ही' लिहिलेलं असलं की विजेची चिंता नाही, पण टीव्ही आणू नये: अमेरिकेचा ट्यूनर एटीएससी या प्रक्षेपण पद्धतीचा, युरोपचा डीव्हीबीचा.

लक्झेंबर्गच्या १७ टक्क्यांचा फायदा तिथल्या दुकानात स्वतः जाऊनच मिळतो. जुलै २०२१ पासून मोठ्या ऑनलाइन दुकानाने ग्राहकाच्या देशाचाच व्हॅट लावायचा असतो; घरबसल्या मागवलं तर जर्मनीतल्या पत्त्यावर १९ टक्केच लागतील.

महाराष्ट्रातून फिरायला गेलेल्यांसाठी गणित उलटतं, कारण संघाबाहेर राहणाऱ्याला व्हॅट परत मिळतो. खरेदी जर्मनीत ५० युरोंच्या वर, फ्रान्समध्ये १०० च्या वर हवी. ब्रिटनने ही सोय २०२१ पासून बंद केली, आणि अमेरिकेत देशपातळीवर ती नाहीच. मुलगा म्युनिकला शिकत असेल आणि त्याच्याकडे तिथला राहण्याचा परवाना असेल तर त्याच्या नावावर परतावा मिळत नाही. भेटायला आलेल्या आई-वडिलांनी स्वतःचा पासपोर्ट दाखवून घ्यायचं आणि वस्तू स्वतःबरोबर भारतात न्यायची. दुकानात पैसे देण्याआधी टॅक्स-फ्री अर्ज मिळेल का ते विचारा, सगळी दुकानं देत नाहीत. १९१ युरोंतले पूर्ण कधीच मिळत नाहीत, परतावा देणारी मधली कंपनी आपला वाटा घेते. जर्मन दुकानात घेतलेल्या लॅपटॉपचा कळफलक बहुधा जर्मन असतो, त्यावर वाय आणि झेड अदलाबदललेले असतात. इंग्रजी हवा असेल तर आधी सांगून मागवावा लागतो आणि त्याला दिवस जातात. भारतात उतरल्यावर १८ वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्कमुक्त आहे. विमानतळावर क्रम चुकला की परतावा गेला: लॅपटॉप हातातल्या सामानात असेल तर अर्जावर कस्टम्सचा शिक्का संघातल्या शेवटच्या विमानतळावर, म्हणजे म्युनिक-पॅरिस-मुंबई प्रवासात पॅरिसला. मोठ्या बॅगेतली वस्तू असेल तर म्युनिकलाच, बॅग पट्ट्यावर जाण्याआधी, कारण कस्टम्सचा माणूस वस्तू दाखवा म्हणतो आणि तोवर बॅग विमानात गेलेली असते.